हातातली पाटी कोणासाठी?

लिनक्स हे नाव आपल्या घरांत सहसा कानी पडत नाही. टॅली, जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल हे शब्द पेढीवर बसणाऱ्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. लिनक्स मात्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या एखाद्या नातवाच्या तोंडीच ऐकू येते. गेल्या वर्षभरात आमच्या कुटुंबात या शब्दावरून बरीच चर्चा झाली, क्वचित आवाजही चढले. लिनक्सवर चालणारा हातातला टॅब्लेट तंत्रज्ञानाची माहिती नसलेल्या सामान्य माणसाला मानवतो का, हा वादाचा विषय होता. माझे आयुष्य बँकेत गेले, संगणकशास्त्रात नव्हे. तेव्हा पुढील लेखन जाणकाराचे नसून हिशेब तपासण्याची सवय जडलेल्या एका माणसाचे आहे, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रथम लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हेलसिंकी येथे विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने १९९१ मध्ये संगणक चालवणारी एक मूळ प्रणाली लिहिली आणि ती सर्वांसाठी खुली केली. कोणीही ती घ्यावी, तिची प्रत करावी, सुधारावी, पुढे द्यावी. अट एवढीच की सुधारलेली प्रत दुसऱ्याला देताना त्यालाही तेच स्वातंत्र्य द्यावे. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. आहार, औषध, अभय यांच्या जोडीने शास्त्रदानाला आपल्या परंपरेत स्थान आहे. दहाव्या शतकात कर्नाटकातील अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या. छापखान्याच्या कितीतरी शतके आधीची ही गोष्ट आहे. ग्रंथ दिल्याने देणाऱ्याचा ग्रंथ कमी होत नाही, हे त्या माउलीला कळले होते.

तुलना मात्र येथेच थांबवावी लागते. अत्तिमब्बेने दिलेली प्रत ज्याला लिपी येत होती त्याच्याच उपयोगाची होती. लिनक्सचेही पुष्कळ वर्षे तसेच झाले. ज्यांना त्याची लिपी येत होती ते त्यावर निहायत खूश होते आणि इतरांना ती का येत नाही याचे त्यांना नवल वाटत होते.

या लिपी न येणाऱ्यांचा विचार आपल्याच देशात, बेंगळुरूत, फार लवकर झाला होता, हे आज कोणाला आठवत नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील काही प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी मिळून ‘सिंप्युटर’ नावाचे हातात मावणारे यंत्र तयार केले. सिंपल, इनएक्स्पेन्सिव्ह, मल्टिलिंग्वल अशी त्याच्या नावाची फोड केली जाई. म्हणजे सोपे, स्वस्त आणि अनेक भाषा जाणणारे. एप्रिल २००१ मध्ये ते लोकांसमोर आले. आत लिनक्स होते, आणि यंत्राचा आराखडाही परवान्याच्या अटींवर इतरांना खुला ठेवला होता. ज्याला वाचता येत नाही त्याला मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवण्याची सोय त्यात योजली होती. बटणे फार नव्हती. काडीने पडद्यावर टेकवले की काम होई.

मला त्यातील सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. हे यंत्र प्रत्येकाने विकत घ्यावे अशी अपेक्षाच नव्हती. गावात एक यंत्र असावे, ते दुकानात किंवा पंचायतीत ठेवावे, आणि प्रत्येकाजवळ आपापले स्मार्ट कार्ड असावे. कार्ड सरकवले की यंत्र तेवढ्यापुरते त्याचे. कार्ड काढले की दुसऱ्याचे. बँकेच्या लॉकरखोलीत ज्याने दिवस काढले आहेत त्याला ही रचना लगेच उमजेल. खोली सर्वांची, किल्ली ज्याची त्याची.

तरीही ते चालले नाही. मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केलेला ‘अमिडा’ सिंप्युटर बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ९,९५० रुपयांपासून पुढे होती. त्या सुमारास दहा हजार रुपये म्हणजे खेड्यातील कुटुंबाची कित्येक महिन्यांची कमाई. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसारख्या सरकारी कामांत काही यंत्रे वापरली गेली, परंतु विक्री अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही. दरम्यान २००३ पासून मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले होते आणि साधे मोबाइल झपाट्याने स्वस्त होत होते. भाजीवाला, हमाल, रिक्षावाला यांनी आपला निर्णय केव्हाच घेऊन टाकला होता. त्यांना संगणक नको होता; गावी बोलता यायला हवे होते.

परदेशातही याहून वेगळे घडले नाही. नोकियाने २००५ मध्ये ७७० या क्रमांकाचे, लिनक्सवर चालणारे, खिशात मावणारे इंटरनेट टॅब्लेट काढले. त्यावर फोनची सोय नव्हती. पाठोपाठ एन ८००, एन ८१० आणि २००९ मध्ये एन ९०० आले. जाणकारांनी ही यंत्रे डोक्यावर घेतली. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली आणि ती वाट संपली. ज्यांनी यंत्रे घेतली होती त्यांची यंत्रे चालू राहिली, पण त्यांच्यामागे कोणी उभे राहिले नाही.

आता यातली गंमत पाहावी. ज्या काळात हे प्रयत्न एकामागून एक मावळत होते त्याच काळात, २००८ पासून, अँड्रॉइड जगभर पसरत गेले; आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे हा अंक वाचणाऱ्या बहुतेकांच्या खिशात लिनक्स आहेच. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मोठ्या समारंभाने आलेला ‘आकाश’ टॅब्लेटही अँड्रॉइडचाच होता. त्याचा पडदा बोट जोराने दाबल्याखेरीज दाद देत नसे आणि स्मृती अवघी २५६ एमबी होती, ही बाब वेगळी. कापूस एकच असला तरी एका गिरणीचे कापड खपते आणि दुसऱ्या गिरणीचे गोदामात पडून राहते; हा कापसाचा दोष म्हणता येत नाही. अँड्रॉइडने लिनक्सच्या गाभ्यावर दुकान मांडले, दुकानात लाखो वस्तू आणल्या आणि गिऱ्हाइकाला आत काय आहे ते विचारण्याची गरजच ठेवली नाही. या सोयीची किंमत आपण कशी मोजतो, ते पुढे येईलच.

बँकेत असताना पिग्मी एजंटांच्या हाती आलेली छोटी यंत्रे मी पाहिली आहेत. पिग्मी ठेव १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने सुरू केली. तेव्हापासून एजंट दारोदार जाऊन कार्डावर नोंद करीत आणि संध्याकाळी शाखेत भरणा करीत. पुढे त्यांच्या हाती यंत्र आले. रक्कम दाबली की चिठ्ठी बाहेर येई, तीवर आजची रक्कम आणि एकूण शिल्लक. मंडईतल्या बायका ती चिठ्ठी कनवटीला लावीत. त्या यंत्रात कोणती प्रणाली आहे हे ना त्या बायकांना ठाऊक होते, ना एजंटाला, ना मला. यंत्र बिघडले तर सकाळी शाखेत दुसरे मिळेल, एवढे सर्वांना ठाऊक होते. सामान्य माणसाला यंत्र मानवते याचा अर्थ मी तेव्हापासून असाच लावतो: उद्या सकाळी ते कोणाकडे न्यायचे, हे त्याला माहीत असते.

आता आमच्या घराकडे वळतो. माझे थोरले बंधू आज नाहीत. त्यांची हळद-गुळाची अडत पेढी पुतण्या चालवतो. वहिनींचे वय ७३. गुडघ्यांमुळे त्यांना रोज मंदिरात जाणे जमत नाही. म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांना एक अँड्रॉइड टॅब्लेट घेऊन दिला होता. त्यावर त्या प्रवचने ऐकत, स्वाध्यायाचे ग्रंथ मोठ्या अक्षरांत वाचत, महिला मंडळाच्या ग्रुपवर तिथी-पर्वांचे निरोप पाहत. गेल्या चातुर्मासात एके दुपारी ‘वीजबिल थकले आहे, रात्री जोडणी तोडण्यात येईल’ असा संदेश आला. सोबत एक फाइल होती. ती उघडताच टॅब्लेटवर एक बनावट अ‍ॅप बसले, आणि त्याच सिमशी जोडलेल्या खात्यातून तासाभरात ४२,००० रुपये गेले. पुतण्याने तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, त्यामुळे काही रक्कम वाटेत अडली आणि नंतर परत मिळाली. उरलेली गेली ती गेलीच.

पुतण्याने रागाच्या भरात नव्हे, काळजीपोटीच टॅब्लेट कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. वहिनी दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा म्हणाल्या, “भावजी, पैसे गेले त्याचं दुःख मलाही आहे. पण म्हणून आता मी काही ऐकायचं-वाचायचंच नाही, असं ठरलंय का?” ज्या बाईने पन्नास वर्षे त्या घराच्या तिजोरीची किल्ली सांभाळली, तिच्या हातातली पाटी काढून घेतली गेली होती. हा प्रश्न मला ४२,००० रुपयांपेक्षा मोठा वाटला.

दिवाळीच्या सुटीत नातू घरी आला आणि त्याने लिनक्सचा प्रस्ताव मांडला. गोदामात मालाची मोजदाद करण्यासाठी घेतलेला दहा इंची जुना टॅब्लेट पडून होता. त्यावर विंडोज १० होते, ज्याचे अद्ययावतीकरण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. नातवाने एका दुपारी त्यावर लिनक्स बसवले. पुतण्या म्हणाला, “काका, हा मुलांचा खेळ आहे. उद्या हा बेंगळुरूला गेला की बघणार कोण?” शेवटी सहा महिने वापरून पाहावे आणि मी नोंदी ठेवाव्यात, असे ठरले. शाखा तपासणीला जावे तशी मी एक वही घातली.

वहीतील जमेची बाजू आधी. ग्रंथांच्या पीडीएफ उत्तम उघडतात, आणि मुख्य म्हणजे मध्ये कोणतीही जाहिरात येत नाही. पूर्वीच्या टॅब्लेटवरील ग्रंथ उघडण्याच्या अ‍ॅपमध्ये झटपट कर्जाच्या आणि कधी मांसाहारी पदार्थांच्याही जाहिराती झळकत. सामायिकानंतर ग्रंथ उघडावा आणि समोर ते यावे, याचा वहिनींना फार त्रास होई. प्रवचने ब्राउझरमध्ये दिसतात. संदेशातून आलेली अँड्रॉइडची फाइल येथे आपोआप बसू शकत नाही; नवे काही घ्यायचे तर ते प्रणालीच्या अधिकृत भांडारातून, परवलीचा शब्द देऊन घ्यावे लागते, आणि तो शब्द वहिनींनी स्वतःहून नातवाला व मला देऊन टाकला आहे. मराठी अक्षरे स्वच्छ दिसतात.

नावेची बाजूही लहान नाही. पहिला महिना कॅमेरा चाललाच नाही. पुढे नातवाने बरीच खटपट केली, तरी आजही तो चालत नाही. टॅब्लेट आडवा केला की पडदा कधी फिरे, कधी फिरत नसे. झाकून ठेवल्यावर बॅटरी रात्रभरात उतरे. आता वहिनी तो रीतसर बंद करूनच ठेवतात. पडद्यावरचा कळफलक मराठी अक्षरे दाखवण्यास आढेवेढे घेई आणि जोडाक्षरांशी तर त्याचे हाडवैर होते. वहिनींना ‘ज्ञानावरणीय’ हा शब्द शोधायचा होता, वीस मिनिटांच्या झटापटीनंतर त्या म्हणाल्या, “या कर्माचा अर्थ मला आजच कळला.” सर्वांत मोठी उणीव आवाजाची. अँड्रॉइडवर त्या माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलत आणि हवे ते समोर येई. आपल्या घरांतील साठी-सत्तरीच्या बहुतेक स्त्रिया आज लिहीत नाहीत, बोलतात. ही सोय लिनक्सच्या टॅब्लेटवर तितक्या सहजतेने आम्हाला मिळाली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी सिंप्युटर करणाऱ्यांनी यंत्राला बोलते करण्याचा विचार आधी केला होता, याची मला त्या दिवशी आठवण झाली.

पेढीवर मात्र प्रयोग आठ दिवसही टिकला नाही. ई-वे बिलाचे पोर्टल उघडले, बँकेचे नेट बँकिंगही ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालले. परंतु टॅली विंडोजसाठी आहे, बिलाचा छोटा प्रिंटर नुसता कागद सरकवीत राहिला, आणि मोबाइल बँकिंगची अ‍ॅप्स येथे येतच नाहीत. अँड्रॉइडची अ‍ॅप्स लिनक्सवर चालवण्याच्या युक्त्या आहेत, पण बँकांची अ‍ॅप्स बहुधा अशा जागी उघडण्यास नकार देतात. आणि बँकेच्या दृष्टीने तो नकार योग्यच आहे. सौद्याच्या वेळी चार शेतकरी समोर बसलेले असताना प्रिंटर का चालत नाही याचा शोध घ्यायला व्यापाऱ्याला सवड नसते. लिनक्स फुकट मिळते असे म्हणतात, परंतु पेढीच्या मालकाचा एक तास फुकट नसतो. हे मी पुतण्याच्या बाजूने वहीत स्पष्ट लिहिले.

पुतण्याचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. तो म्हणाला, “आईचं रक्षण लिनक्सने केलं नाही. सिम काढलं, खातं तोडलं, म्हणून ती सुरक्षित आहे. तेच जुन्या टॅब्लेटवरही करता आलं असतं.” बऱ्याच अंशी हे खरे आहे. यूपीआय नोंदणीकृत सिमला बांधलेले असते; सिम नसलेल्या टॅब्लेटवरून, त्याची प्रणाली कोणतीही असो, चोराला खात्यापर्यंत पोचणे कठीण जाते. शिवाय जो भामटा फोन करून गोड बोलून ओटीपी काढून घेतो, त्याला समोरच्याच्या हातात कोणते यंत्र आहे याच्याशी कर्तव्य नसते. तरी माझे मत पूर्णपणे त्याच्यासारखे झाले नाही. फुकटच्या अ‍ॅपांच्या दुकानात आपण पैशाऐवजी माहिती मोजतो. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांनी ग्राहकाच्या संपर्कयादीला, फोटोंना, कॉलच्या नोंदींना हात लावू नये असे रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ मध्ये लेखी सांगावे लागले, यावरून तोवर काय चालले होते याची कल्पना यावी. व्यापारी कुटुंबाच्या संपर्कयादीत आडते, दलाल, शेतकरी, उधारीची गिऱ्हाइके सारे असतात. आपले आजोबा खतावणी परक्याला उघडून दाखवीत नसत. वहिनींच्या नव्या पाटीवर अशी यादीच नाही, आणि ती मागणारेही कोणी नाही.

तेव्हा वहीच्या शेवटी मी जो शेरा लिहिला तो असा आहे. ज्याची गरज वाचणे, ऐकणे, पाहणे एवढीच आहे आणि ज्याच्या घरात हाकेच्या अंतरावर थोडीफार माहिती असलेले माणूस आहे, त्याला हा टॅब्लेट चालेल. नवा खास लिनक्सचा टॅब्लेट परदेशातून मागवण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडू नये. पाइन ६४ या कंपनीचे पाइनटॅब २ हे यंत्र २०२३ मध्ये निघाले, तेव्हा त्याचे वायफायसुद्धा घेणाऱ्यालाच मार्गी लावावे लागत होते. ते हौशी जाणकारांसाठी आहे आणि कंपनीही ते तसेच सांगून विकते, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. अडगळीत पडलेले जुने यंत्र असेल तर गोष्ट वेगळी. ते भंगारात जाण्यापेक्षा चार वर्षे एखाद्या आजीच्या हाती राहिले तर त्यात नुकसान काही नाही. शिकायची इच्छा असणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. मी त्यातील काही पाहिले. सांगणारा घाई करीत नाही, हे विशेष.

नातू जुलैत नोकरीसाठी बेंगळुरूला जात आहे. जाण्यापूर्वी त्याने माझ्यासाठी चार पानांची सूचनावही मराठीत लिहून दिली आहे. महिन्यातून एकदा अद्ययावत कसे करायचे, अडकले तर काय दाबायचे, आणि काहीच जमले नाही तर त्याला किती वाजता फोन करायचा. आमच्या गल्लीतील दुरुस्तीवाल्याला मी विचारून पाहिले. तो म्हणाला, “साहेब, लिनक्स मला येत नाही, सांगाल तर परत विंडोज टाकून देतो.” मी आभार मानून निघालो.

दरम्यान वहिनींच्या मंडळातील तिघींनी तशीच पाटी मागितली आहे. एकींना व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतील नातवंडे पाहायची आहेत, म्हणून त्यांना मी अँड्रॉइडच ठेवा, पण सिम काढा, असे सांगितले. दुसऱ्या बाईंची सून शिक्षिका आहे आणि शिकायला तयार आहे; त्यांचे काम येत्या रविवारी करायचे आहे. तिसऱ्या बाईंना मात्र मी सध्या थांबायला सांगितले आहे. त्यांच्या घरी दिवसभर कोणी नसते, आणि त्यांचा तीन मजल्यांचा जिना आता मला झेपत नाही.